क्लास बंद, वर ‘फी परत मिळणार नाही’ : राज्याचं खातं काय करू शकतं?

सप्रेम नमस्कार,

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी कॅलिफोर्नियात आले. माझा एच-४ व्हिसा आहे, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा, वर्क परमिटही हातात आलंय. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी एका खासगी संस्थेत मेडिकल असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. २० आठवडे, एकूण ३०० तास. फी ९,००० डॉलर, नोंदणीचे २०० वेगळे. आतापर्यंत फीपैकी ६,००० भरलेत, बाकीचे हप्त्याने भरायचे आहेत. चौकशीच्या वेळी ज्या बाई फोनवर बोलायच्या त्या पहिल्यापासून हिंदीतच बोलल्या. ‘नौकरी पक्की, हमारी गारंटी है’ हे त्यांचेच शब्द. कागद मात्र सगळे इंग्रजीत. टॅबलेटवर ‘इथे सही, इथे सही’ करत दहा मिनिटांत उरकले. आकडेवारीचं एक पत्रक ॲडमिशन झाल्यावर ईमेलने आलं.

आठ आठवडे झाले. त्यातले दोन आठवडे वर्गच भरला नाही, कारण शिक्षिका सोडून गेल्या. आता आमच्या बॅचला नव्या बॅचबरोबर बसवतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून चाललंय. क्लिनिकमधलं प्रॅक्टिकल कुठे, असं विचारलं तर ‘तुमच्या ओळखीचा डॉक्टर बघा’ म्हणतात. फी परत मागितली तर ‘आमची नो रिफंड पॉलिसी आहे’. परवा मॅनेजरने बोलावून सांगितलं, एका कागदावर सही करा, १,००० डॉलर परत देतो. मी कुठल्याही सरकारी कार्यालयात तक्रार करणार नाही, असं त्या कागदात लिहिलंय.

शेजारीण म्हणते, इथे राज्याचं बोर्ड असतं, तिथे जा. नवरा म्हणतो, परक्या देशात सरकारी भानगडीत कशाला पडायचं, उद्या व्हिसाचं काही झालं तर? आई म्हणते, जाऊ दे पैसे. खरंच ते बोर्ड काही करतं, की नुसतेच कागदी घोडे?

– तुमची एक वाचक

*

ताई, नमस्कार.

आधी दोन कामं. मॅनेजरने पुढे केलेल्या कागदावर सही करू नका, पण त्याची प्रत मागून घ्या. देत नसतील तर त्यात काय लिहिलंय, हे तारखेसह त्यांनाच ईमेल करून विचारा. दुसरं काम म्हणजे कोर्स सोडल्याचं लेखी कळवणं. ते आज रात्रीच करा, कारण तुमच्या बाबतीत उरलेले दिवस मोजायला लागलेत.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात खासगी संस्थांसाठी फी परतीचा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. पहिल्या वर्गाला हजेरी लावेपर्यंत किंवा नाव घातल्यापासून सातव्या दिवसापर्यंत, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत प्रवेश रद्द केला, तर सगळी फी परत. संस्थेला नोंदणीची रक्कम तेवढी ठेवता येते आणि तीही २५० डॉलरच्या आतली. ती वेळ तुमच्याकडून गेली आहे. पण नियम तिथे संपत नाही. अभ्यासक्रमाचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग झाला असताना सोडलं, तर न झालेल्या भागाची फी परत द्यावीच लागते. ‘नो रिफंड पॉलिसी’ संस्थेने भिंतीवर लावली काय आणि करारात छापली काय, या नियमापुढे ती टिकत नाही.

तुमचाच हिशोब मांडू. ३०० तासांचे ९,००० डॉलर, म्हणजे तासाला ३०. आठवड्याला १५ तास धरले तर आठ आठवड्यांत वेळापत्रकाप्रमाणे १२० तास झाले. त्याचे ३,६०० होतात. तुम्ही भरलेत ६,०००. म्हणजे आज सोडलंत तर अगदी संस्थेच्या बाजूने हिशोब केला तरी तुमचे २,४०० डॉलर परत येतात, आणि मॅनेजर १,००० देऊन तुमचं तोंड बंद करू बघतोय.

तुम्ही विचार करत चार आठवडे काढलेत तर? बाराव्या आठवड्याअखेर १८० तास होतील. ते झाले ६० टक्के. त्या दिवशी सोडलंत तर हातात येतील फक्त ६००. एकदा ती रेषा ओलांडली की या कलमाखाली एक डॉलरही परत द्यायचं बंधन संस्थेवर राहत नाही, आणि उरलेले ३,००० तुमच्याकडून मागायला ती मोकळी होते. अशा संस्था ‘पुढच्या आठवड्यात नक्की शिक्षक येतील’ म्हणून दिवस ढकलत राहतात, त्याचं एक कारण हे आहे असं मला वाटतं. शिवाय हिशोबात तुम्ही हजर राहिलेले दिवसच मोजतात असं नाही, हजर राहायला हवे होते ते दिवसही मोजले जातात. तेव्हा रागाने जाणं बंद करून घरी बसलात तरी घड्याळ चालूच राहू शकतं. ते नक्की थांबवायचं तर ‘मी कोर्स सोडला’ हे लेखी कळवायला हवं. (करारातला ‘कालावधी’ संपूर्ण कोर्सचा आहे की टप्प्याटप्प्याचा, हे तेवढं बघून घ्या. टप्पे असतील तर ६० टक्के त्या टप्प्याचे मोजतात.)

म्हणून आज रात्री ईमेल लिहा आणि उद्या तेच पत्र पोस्टाने सर्टिफाइड मेलने पाठवा. चार ओळी पुरेत: अमुक तारखेपासून मी कोर्स सोडत आहे, अमुक दोन आठवडे वर्ग भरलेच नाहीत, ते तास माझ्या नावावर धरू नयेत, भरलेल्या फीचा हिशोब लेखी द्यावा, आणि कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत पैसे परत करावेत. भरलेच नाहीत त्या ३० तासांचे पैसे संस्थेने घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. ते वजा केले तर तास उरतात ९० आणि तुमची मागणी होते ३,३०० ची. कॅलेंडरवर पंचेचाळिसाव्या दिवशी खूण करा. तोवर पैसे आले नाहीत तर तो संस्थेचा आणखी एक नियमभंग, आणि तो सिद्ध करायला पत्राची तारीख सोडून दुसरं काही लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: ते बोर्ड काय करतं?

शेजारीण म्हणते ते बरोबर आहे, फक्त नाव राज्यागणिक बदलतं. ॲरिझोनात त्याला खरोखरच बोर्ड म्हणतात, टेक्सासमध्ये हे काम वर्कफोर्स कमिशनकडे आहे, तर कॅलिफोर्नियात ‘ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशन’ आहे. हा ब्युरो राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाखाली येतो. हे नीट लक्षात घ्या, कारण कायद्याच्या नजरेत तुम्ही इथे विद्यार्थिनी आहात तशाच पैसे मोजणाऱ्या ग्राहकही आहात. बारावीनंतरचं शिक्षण विकणाऱ्या खासगी संस्थेला, कायद्यानेच सूट दिली नसेल तर, या ब्युरोच्या मान्यतेशिवाय दारच उघडता येत नाही.

यामागे इतिहास आहे. १९८० च्या दशकात पैसे टाकून पदवी देणाऱ्या दुकानांसाठी कॅलिफोर्निया बदनाम होतं. १९८९ मध्ये कडक कायदा झाला. पण पुढे त्या व्यवस्थेची मुदत २००७ साली संपली आणि विधिमंडळात नवीन कायद्यावर एकमत होईना. दोन वर्षांहून जास्त काळ एवढ्या मोठ्या राज्यात खासगी संस्थांवर या प्रकारची देखरेख करणारं खातंच नव्हतं. २००९ चा कायदा १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि आजचा ब्युरो उभा राहिला. तुमच्या आईसारखं ‘जाऊ दे पैसे’ म्हणणाऱ्या हजारो लोकांचं काय होतं ते पाहूनच हा कायदा लिहिला गेला, आणि वाचताना ते जाणवतं.

नुसतं ‘मला फसवलं’ असं लिहून पाठवलंत तर ब्युरोच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. संस्थेने काय करायचं आणि काय करायचं नाही, याची कलमं ठरलेली आहेत. तो माणूस तुमची तक्रार त्या कलमांशी ताडून बघतो. शिकवणं रटाळ होतं, बाई नीट बोलत नव्हत्या, मार्क कमी दिले, अशा गोष्टींत त्याला फारसं काही करता येत नाही. म्हणून तुमची व्यथा त्याच्या भाषेत मांडायला शिका. तुमच्या पत्रात अशी सहा कलमं मला सहज दिसली, तीही तुम्ही बोलता बोलता लिहून गेलेली.

हिंदीतल्या फोनपासून सुरू करते, कारण ही गोष्ट आपल्या लोकांना जवळजवळ माहीतच नसते. ज्या बोलण्यातून प्रवेश झाला ते इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत झालं असेल, तर करार आणि सगळी माहितीपत्रकं त्या भाषेत द्यावी लागतात. तुमच्याशी हिंदीत बोलून तुम्हाला आणलं, म्हणजे करार हिंदीत हवा होता. आणि एवढंच नाही. ज्याची मूळ भाषा इंग्रजी नाही आणि ज्याला करारातल्या अटी समजत नाहीत, त्याला त्या अटी आणि रद्द करण्याचे, फी परतीचे नियम स्वतःच्या भाषेत स्पष्ट समजावून घेण्याचा हक्क आहे. स्वतःच्या, म्हणजे तुमच्या बाबतीत मराठीत. ‘मला इंग्रजी कच्चं येतं म्हणून माझंच चुकलं’ असं मनात असेल तर ते काढून टाका. हक्क लिहिलाय तो तुमच्यासारखीसाठीच. त्या बाईंचे व्हॉट्सॲप मेसेज, व्हॉइस नोट, फोनच्या नोंदी, जे असेल ते आत्ताच दुसऱ्या जागी साठवून ठेवा.

मग ते आकडेवारीचं पत्रक. त्याचं नाव ‘स्कूल परफॉर्मन्स फॅक्ट शीट’. किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती जणांना त्या क्षेत्रात नोकरी लागली, पगार किती मिळाला, परवान्याची परीक्षा असेल तर किती पास झाले, हे सगळं त्यात असतं. ते करारावर सही होण्याआधी हातात द्यावं लागतं आणि त्यावर विद्यार्थ्याची आणि संस्थेची तारखेसह सही लागते. तसं झालं नसेल तर करार अंमलात आणण्यायोग्य राहत नाही, असं कायदा म्हणतो. तुम्हाला ते ॲडमिशननंतर ईमेलने आलं! तो ईमेल तुमच्याकडचा सगळ्यात वजनदार कागद आहे. टॅबलेटवर तुम्ही ज्या ज्या ठिकाणी सह्या केल्या त्याची पूर्ण प्रत मागा आणि फॅक्ट शीटच्या सहीची तारीख व वेळ ईमेलच्या वेळेशी लावून बघा. ती सही आधीची दाखवली असेल आणि पत्रक नंतर आलं असेल, तर हा फरक ब्युरोला ठळक करून दाखवा. या एका मुद्द्यावर तुम्ही २,४०० किंवा ३,३०० वर न थांबता पूर्ण ६,००० मागू शकता, आणि मागावेत असं मी म्हणेन. मिळतीलच अशी खात्री मी देणार नाही, पण वरून मागितलं तरच खालचा आकडा सुरक्षित राहतो.

‘नौकरी पक्की, हमारी गारंटी’ हेसुद्धा कायद्याने मनाई केलेलं वाक्य आहे. नोकरीचं वचन किंवा हमी देणं, नोकऱ्या आहेत त्याहून जास्त असल्याचं भासवणं, दोन्ही निषिद्ध. तुम्ही नाव घातल्यावर पूर्वसूचना नसताना वर्ग बंद ठेवणं निषिद्ध आहे, जोवर कारण संस्थेच्या हाताबाहेरचं नसेल. शिक्षिका नोकरी सोडून गेल्या, याला हाताबाहेरचं कारण म्हणायला मी तरी तयार नाही. आणि दोन बॅच एकत्र बसवायच्या तर सगळ्यांचं शिकवून झालेलं सारखं असावं लागतं. तुमचं सहा आठवड्यांचं झालंय आणि शेजारच्या बाकावरची मुलगी काल आलीय, तर ते एकत्रीकरण नियमात बसत नाही.

सहावं कलम मॅनेजरने स्वतःच्या हाताने तुम्हाला दिलंय. विद्यार्थ्याने ब्युरोकडे किंवा दुसऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करू नये म्हणून त्याच्यावर गैर मार्गाने दबाव आणणं, नियमभंग कळवू नको असं सांगणं, हे त्याच कायद्यात निषिद्ध कृत्यांच्या यादीत आहे. म्हणून तर त्या कागदाची प्रत मागा म्हटलं.

प्रॅक्टिकलच्या बाबतीत मात्र आधी संस्थेचा कॅटलॉग, म्हणजे माहितीपुस्तिका, उघडा. क्लिनिकमधले तास संस्था मिळवून देईल असं त्यात किंवा करारात लिहिलेलं असेल, तर मुद्दा पक्का. ‘मदत करू’ एवढंच असेल तर मुद्दा लंगडा आहे, तो तक्रारीत शेवटी ठेवा.

तक्रारीचा अर्ज ब्युरोच्या वेबसाइटवर भरता येतो. गोष्ट लिहा ती तारखेवार आणि कोरडी. दोन पानांत बसवा, राग बाहेर ठेवा, प्रत्येक वाक्यामागे कागद जोडा. करार, कॅटलॉग, फॅक्ट शीट आणि तिचा ईमेल, पावत्या, वर्ग भरला नाही त्या दिवसांचे मेसेज, सोडल्याचं पत्र. तुमच्याबरोबरच्या आणखी कुणाला हाच अनुभव असेल तर त्यांनी त्यांची तक्रार वेगळी करावी. एकाच पत्रावर दहा सह्या असण्यापेक्षा दहा स्वतंत्र तक्रारींतून संस्थेची सवय दिसते, आणि ब्युरो सवयीकडे जास्त गंभीरपणे बघतो.

पुढे काय होतं? ब्युरोचा कर्मचारी संस्थेकडे कागद मागतो, गरज वाटली तर तपासनीस जातो. तपासणी कधी सांगून होते, कधी न सांगता. किरकोळ चूक असेल तर दुरुस्तीची नोटीस निघते आणि ३० दिवस मिळतात. त्याहून मोठं असेल तर ‘सायटेशन’ निघतं: प्रत्येक नियमभंगाला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सोबत चूक सुधारण्याचा आदेश. तुमच्या उपयोगाचा भाग हा आदेश आहे, कारण त्यात विद्यार्थ्याची फी परत करा असं सांगता येतं. दंडाची रक्कम राज्याकडे जाते, तुमच्या खात्यात नाही. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण नंतर हिरमुसतात, म्हणून आधीच सांगते. प्रकरण गंभीर असेल तर मान्यता प्रोबेशनवर (अटींसह देखरेखीखाली) ठेवणं, स्थगित करणं, काढूनच घेणं, इथपर्यंत जाता येतं. पण तोवर संस्थेलाही आपली बाजू मांडायचा हक्क असतो, प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी होते. विद्यार्थ्यांचं तातडीचं नुकसान होत असेल तर नवे प्रवेश थांबवण्यासारखा आणीबाणीचा आदेशही ब्युरो काढू शकतो. आणि संस्थेकडे मान्यताच नसेल, तर दंडाची कमाल मर्यादा थेट १,००,००० डॉलर आहे. तेव्हा तुमच्या संस्थेचं नाव ब्युरोच्या मान्यताप्राप्त यादीत आहे ना, हे आज पाच मिनिटं काढून बघा. तिच्यावर आधी कारवाई झाली असेल तर तीही तिथेच सापडेल.

कागदी घोडे आहेत का, या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते: घोडे खरे आहेत, पण हळू चालतात. मार्च २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी याच ब्युरोवर अहवाल काढला आणि लोकांच्या हिताचं रक्षण करण्याची जबाबदारी पार पाडण्यात तो सातत्याने अपयशी ठरला आहे, असं शीर्षकातच म्हटलं. पुढच्याच वर्षी कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी साखळी कोसळली. एप्रिल २०१५ मध्ये नोकरी लागल्याचे चुकीचे आकडे दाखवल्याबद्दल केंद्राच्या शिक्षण खात्याने तिच्या हील्ड कॉलेजला जवळजवळ ३ कोटी डॉलर दंड ठोठावला, आणि २७ एप्रिलला उरलेले सगळे कॅम्पस एकाच दिवशी बंद झाले. सुमारे १६,००० विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या साखळीच्या माजी विद्यार्थ्यांची उरलेली केंद्रीय शैक्षणिक कर्जं पूर्ण माफ व्हायला जून २०२२ उजाडला: ५ लाख ६० हजार कर्जदार, ५८० कोटी डॉलर. सात वर्षं लागली. मी हे तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. नोकरीचे खोटे आकडे हा कायद्याने पकडता येणारा गुन्हा आहे, हे त्या प्रकरणाने दाखवलं. आणि ज्यांनी कागद जपले होते, वेळेत अर्ज केले होते, त्यांच्या हातात वाट बघण्यासारखं काहीतरी होतं.

त्या बंद पडण्यानंतर राज्याने एक चांगलं केलं. २०१६ च्या कायद्याने ब्युरोमध्येच विद्यार्थी सहाय्याचं वेगळं कार्यालय उघडलं. बंद पडलेल्या संस्थेतल्या मुलांना अर्ज भरायला, ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) मिळवायला ते मदत करतं. त्याच्या जोडीला ‘स्टुडंट ट्युशन रिकव्हरी फंड’ आहे. विद्यार्थ्यांकडून संस्थेमार्फत घेतलेल्या अधिभारातून तो उभा राहतो. त्याचा दर बदलत असतो, कधी शून्यही असतो. तुमच्या करारात या निधीचा परिच्छेद असायलाच हवा. संस्था बंद पडली आणि तुम्ही बंद होण्याआधीच्या १२० दिवसांत तिथे होतात, किंवा ब्युरोने फी परत करायला सांगूनही संस्थेने दिली नाही, अशा परिस्थितीत बुडालेल्या पैशांसाठी या निधीकडे मागणी करता येते. मुदत चार वर्षांची. आपल्या बायकांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते: सोशल सिक्युरिटी नंबर किंवा करदात्याचा ओळख क्रमांक नसेल तर या निधीतून पैसे देता येत नाहीत. तुमच्याकडे वर्क परमिट आहे, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर असणार. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तो दुसरा क्रमांक, म्हणजे आयटीआयएन, काढून ठेवावा.

ब्युरो तुमचा वकील नाही. तो राज्याच्या वतीने संस्थेला जाब विचारतो, तुमच्या वतीने खटला लढत नाही. म्हणून एकाच दारात वाट बघत बसू नका. ४५ दिवसांत पैसे आले नाहीत तर स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या कोर्टात, जाता येतं. व्यक्तीला तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो, वकील दोन्ही बाजूंना उभा करता येत नाही, आणि दुभाष्या मागता येतो. ब्युरोकडची तक्रार चालू असली म्हणून हा रस्ता बंद होत नाही. काही रक्कम क्रेडिट कार्डाने भरली असेल तर कार्ड कंपनीलाही ‘पैसे घेतले, सेवा दिली नाही’ म्हणून लेखी कळवा. केंद्रीय कायद्यात त्यासाठी ती रक्कम ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली त्यापासून ६० दिवस मिळतात, तेव्हा शेवटचा हप्ता कधी गेला ते तपासा.

सोडताना आत्तापर्यंतच्या तासांचं आणि गुणांचं ट्रान्स्क्रिप्ट मागून घ्या. दुसरीकडे नाव घालताना त्याचा उपयोग होऊ शकतो. ‘आधी बाकी भरा, मग देतो’ म्हणाले तर ऐकून घेऊ नका. विद्यार्थ्याकडे बाकी आहे म्हणून ट्रान्स्क्रिप्ट अडवायला कॅलिफोर्नियात २०२० पासून बंदी आहे.

तुमच्या यजमानांची काळजी मला समजते. इथे आलेल्या प्रत्येक घरात ती असते आणि तिची टिंगल करण्यासारखं काही नाही. पण त्यांना हे सांगा. एच-४ वर शिकायला परवानगी आहे, तुम्ही लपवण्यासारखं काही केलेलं नाही. ब्युरो हे राज्याचं ग्राहकांसाठीचं खातं आहे, व्हिसा हा केंद्र सरकारचा विषय. आपल्याच पैशांचा हिशोब मागणं म्हणजे सरकारकडून मदत घेणं नव्हे. दुकानात बिघडलेली वस्तू परत करताना व्हिसा विचारत नाहीत, तितकंच हे साधं आहे. विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे एफ-१ वर असलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा इथे राहण्याचा आधारच त्या संस्थेतला प्रवेश असतो, तेव्हा त्यांनी कोर्स सोडण्याचं पत्र लिहिण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं.

नवी संस्था शोधताना मान्यता आणि फॅक्ट शीट दोन्ही आधी बघा. एक सूट लक्षात असू द्या: पदवी न देणाऱ्या, ज्यांच्या कोर्सची एकूण फी २,५०० डॉलर किंवा त्याहून कमी आहे आणि ज्या सरकारी अर्थसहाय्य घेत नाहीत, अशा संस्थांना या ब्युरोची मान्यता लागत नाही. स्वस्त आहे म्हणून तिथे गेलात आणि बिनसलं, तर वर लिहिलेलं बरंचसं संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. आणि मेडिकल असिस्टंटसाठी कॅलिफोर्नियात राज्याचा परवाना नसतो, तेव्हा ‘आमच्याकडे स्टेट लायसन्स मिळतं’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा. रक्त काढण्याचं काम करणाऱ्या फ्लेबोटॉमी टेक्निशियनला मात्र राज्याच्या आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र लागतं: ४० तास वर्गातले, ४० तास प्रत्यक्ष कामाचे, किमान ५० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त काढलेलं. तो कोर्स घ्यायचा विचार असेल तर हे ४० तास कोणत्या क्लिनिकमध्ये आणि कोणत्या महिन्यात, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या.

पत्र आणि ईमेल इंग्रजीत लिहायला जड वाटत असेल तर मराठीत लिहून मला पाठवा, मी इंग्रजी करून देईन. पण आजच्या ईमेलसाठी थांबू नका. ‘मी आजपासून कोर्स सोडत आहे, फीचा हिशोब आणि परतावा द्यावा’ एवढं एक वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत गेलं तरी आजची तारीख लागते.

– तुमची ताई